तब्येत सुधारली वाटतं!

घाम आणि गप्पा : वाचकांचे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपला की आमच्या या पानावर पत्रांची गर्दी होते हे दरवर्षीचंच, पण यंदा बहुतेकांचं रडगाणं एकच आहे, कष्टानं उतरवलेलं वजन परत आलं आणि आता नव्यानं सुरुवात कशी करू. त्यातलं एक पत्र जवळजवळ पूर्ण छापतेय कारण त्यात सगळ्यांचंच थोडं थोडं आलंय, आणि शेवटी दोन लहान प्रश्न घेतेय.

प्रश्न : ताई नमस्कार, मी साताऱ्यातच गोडोलीत राहते, वय ४१, एका पतसंस्थेत कॅशला बसते. तीन वर्षांपूर्वी माझं वजन ७८ होतं, उंची पाच फूट दोन इंच. मैत्रिणीच्या नादानं जेवणाऐवजी मिल्कशेकसारखं पेय देणाऱ्या एका शेकच्या क्लबात नाव घातलं, सकाळी शेक, रात्री शेक, दुपारी एक भाकरी आणि पालेभाजी, असे पाच महिने काढले आणि १५ किलो उतरले. व्यायाम काहीच नाही, ते म्हणाले गरजच नाही. तेव्हा काय वाटायचं म्हणून सांगू, पोवई नाक्यावरून जाताना दुकानांच्या काचेत स्वतःलाच बघत जायचे. सगळे ब्लाउज आत घेतले, टेलरबाई म्हणाली, आता मार्जिन कापून टाकू का, आतून जाड लागतंय, आणि मी म्हणाले टाक कापून! मग सासूबाईंचं ऑपरेशन निघालं, शेकचे पैसे जड जायला लागले, बंद केले, आणि दोन वर्षांत वजन ८१. म्हणजे मूळच्यापेक्षा तीन जास्तच.

भाऊबीजेला माहेरी कोरेगावला गेले तर सगळ्यांच्या देखत काकू म्हणाल्या, तब्येत सुधारली गं तुझी! सगळे हसले, मी पण हसले आणि घरी येऊन बाथरूममध्ये रडले. रात्री अकरा वाजता रागारागात फॅमिली ग्रुपवर टाकून दिलं की १ डिसेंबरपासून १०० दिवस रोज अजिंक्यतारा चढणार, १५ किलो उतरवणार, आणि एक जरी दिवस खाडा पडला तरी परत पहिल्या दिवसापासून मोजणार. लगेच पन्नास अंगठे आले. हा खाड्याचा नियम मी त्या ७५ दिवसांच्या चॅलेंजमधून घेतला, ते मी पावसाळ्यात दोनदा करून बघितलं होतं, एकदा नवव्या दिवशी मोडलं आणि एकदा चौथ्या. आता दिवस जवळ आलाय आणि पोटात गोळा येतोय. मिस्टर म्हणतात आधी गडाच्या उतारावरच्या चार भिंती स्मारकापर्यंत तरी जाऊन ये. ताई, करू का हे? आणि खरं सांगा, एवढं उतरवून परत वाढलं म्हणजे माझ्यातच खोट आहे ना?

उत्तर : ताई, आधी त्या "तब्येत सुधारली"चं बघू. आपल्याकडे जाड झालीस असं तोंडावर कुणी म्हणत नाही, तब्येत सुधारली म्हणतात, आणि टायफॉइडमधून उठलेल्या माणसालाही हेच म्हणतात, त्यामुळे काकूंवर धड रागवायची पण सोय नाही. मी पण ऐकलंय हे. शाळेत पीटीची बाई, गळ्यात शिट्टी, आणि ४६व्या वर्षी वडिलांच्या आजारपणात दीड वर्ष दवाखान्याच्या वाऱ्या करता करता ११ किलो वाढले, आणि ते कधी, तर त्याच्या आधी १२ कमी करून सगळ्या स्टाफरूमला डाएटवर लेक्चर देऊन झाल्यावर. तेव्हा खोट कुणात आहे हे मला विचारायला तुम्ही चुकीच्या बाईकडे आलात, मी तुमच्याच लायनीत उभी आहे.

तरी उत्तर देते, कारण ते कळल्याशिवाय चॅलेंज कसं लावायचं ते कळणार नाही. तुम्ही पाच महिने अर्धपोटी राहिलात. शरीराला काय कळतं हो की हा क्लब आहे, त्याला वाटतं दुष्काळ पडला. आपल्या माण-खटावच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, दुष्काळात घर काय करतं, खर्च आवळतं, आणि पाऊस झाला की पहिल्या सुगीला आधी कणगी भरून घेतं, पुढच्या वर्षी काय होईल कुणास ठाऊक म्हणून. शरीर अगदी तेच करतं. अमेरिकेत वजन उतरवायच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना संशोधकांनी सहा वर्षांनी परत तपासलं, तो अभ्यास २०१६ साली आला. १४ पैकी १३ जणांचं वजन कमीजास्त परत आलेलं होतं, चौघं तर स्पर्धेआधी होते त्याच्याहून जड, आणि मुख्य म्हणजे त्यांचं शरीर नुसतं बसल्याजागी जेवढं जाळायला हवं त्याच्यापेक्षा दिवसाला सरासरी ५०० कॅलरी कमी जाळत होतं, सहा वर्षांनंतरही! ५०० म्हणजे एक जेवणच झालं की. ऑस्ट्रेलियातला २०११चा अभ्यास आहे, त्यात दहा आठवडे अगदी कमी खायला देऊन वजन उतरवलं आणि वर्षभरानं रक्त तपासलं तरी भूक वाढवणारी आणि पोट भरल्याचं सांगणारी हार्मोन्स जागेवर आलेली नव्हती, लोकांना भूकही आधीपेक्षा जास्तच लागत होती. म्हणजे शेक बंद झाल्यावर तुम्हाला जी भूक लागली ती हावरटपणाची नव्हती, कणगी भरायची घाई होती ती.

आणि एक गोष्ट त्या क्लबवाल्यांनी तुम्हाला सांगितली नाही. व्यायाम न करता नुसतं उपाशी राहून वजन उतरवलं की त्यात चरबीबरोबर स्नायू पण जातात, आणि परत वाढताना जे येतं ते बहुतेक चरबीच असतं. त्यामुळे आजचं तुमचं ८१ हे तेव्हाचं ७८ अधिक तीन असं साधं गणित नाहीये, आज मांड्यांत जोर तेव्हापेक्षा कमी आणि वाहायचं ओझं जास्त. गडाच्या पहिल्या चढाला हे कळेलच. तेव्हा तिथे धाप लागली, पाय थरथरले तर "मी संपले" असं समजून परत फिरू नका, ते अपेक्षितच आहे. मी वडील गेल्यानंतर पहिल्यांदा चार भिंतीला चढले ना, तर अर्ध्यातच बसले आणि माझ्याच शाळेतल्या दोन जुन्या पोरी माझ्या शेजारून पळत वर गेल्या, वर "गुड मॉर्निंग बाई" म्हणून! त्या दिवशी चार भिंतीशी पण पोचले नाही.

आता तुमचं चॅलेंज. करा. पण जसं ग्रुपवर टाकलंय तसं करू नका, त्यात तीन ठिकाणी घोळ आहे.

पहिला घोळ १५ किलोंचा. गाडीरस्त्यानं गड वर-खाली साधारण आठ किलोमीटर होतो. किल्ला समुद्रसपाटीपासून ३३०० फुटांच्या आसपास आहे हे आपण शाळेपासून ऐकतो, पण आपण राहतोच मुळात २४०० फुटांवर, म्हणजे खरा चढ आठ-नऊशे फुटांचा. तुमच्या वजनाच्या बाईचं यात ढोबळमानानं चारशे कॅलरीचं काम होतं. खाली उतरून एक वडापाव आणि एक गोड चहा घेतला की हिशोब फिटला, ते दोन मिळून तेवढेच भरतात. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. शंभर दिवस चारशे म्हटले तर चाळीस हजार, म्हणजे कागदावर पाच किलो, आणि ते सुद्धा भूक वाढली नाही आणि घरी येऊन दुपारभर लोळला नाहीत तर. प्रत्यक्षात त्याहून कमीच. १५ किलोचा आकडा त्यात बसतच नाही, तो बसवायला तुम्ही परत शेकवर जाणार, मला दिसतंय ते. आणि किलो आपल्या हातात नसतात हो, पाळीच्या आधी पाणी धरून दीड-दोन किलो काटा वर जातो, लोणचं-पापड खाल्ला की दुसऱ्या दिवशी जातो. हातात काय आहे, तर बूट घालून घराबाहेर पडणं. तेवढंच मोजायचं. ग्रुपवर किलोचं वाक्य खोडा आणि चढ लिहा.

दुसरा घोळ खाड्याचा, आणि याच्यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण निम्मी पत्रं याच नियमानं मारलीत. ते ७५ दिवसांचं प्रकरण अमेरिकेतल्या अँडी फ्रिसेला नावाच्या उद्योजकानं २०१९ साली काढलं. दिवसातून दोनदा पाऊण-पाऊण तास व्यायाम, त्यातला एक घराबाहेरच, पावणेचार लिटर पाणी, दहा पानं वाचन, ठरवलेलं डाएट, दारू बंद, रोज एक फोटो, आणि यातलं एक जरी चुकलं तरी परत पहिल्या दिवसापासून. त्यानं स्वतःच ते मन कणखर करायचा कार्यक्रम म्हणून काढलंय, वजनासाठी म्हणून नाही, पण आपल्याकडे येईपर्यंत ते वजनाचं झालं. त्याला करू दे बापडा. त्याच्या पंचाहत्तर दिवसांत हळदीकुंकू नाही, दहावीचं पोरगं नाही, सासूबाईंची ड्रेसिंग नाही, पाळीचा दुसरा दिवस नाही आणि पतसंस्थेचा मार्च एंड तर नाहीच नाही. तुम्ही नवव्या दिवशी मोडलात म्हणता, मी म्हणते आठ दिवस केलंत! ते आठ दिवस कुठे गेले? नियमानं खाऊन टाकले. शून्यावर आणून ठेवणारा नियम माणसाला कणखर करत असेल नसेल, पण वजन परत वाढलेल्या बाईला तो एकच शिकवतो की बघ, तुला जमत नाही, आणि हे तर ती आधीच स्वतःला रोज सांगत असते.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ लोकांना रोज एक नवी गोष्ट करायला लावून सवय लागायला किती दिवस लागतात ते मोजलं होतं, २०१०ला छापून आलंय. सरासरी ६६ दिवस निघाले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ सुद्धा लागतील असा हिशोब निघाला, इतका फरक. आणि आपल्या कामाची गोष्ट ही की मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा काही फरक पडला नाही. म्हणजे खाडा पडल्यानं काही कोसळत नाही, कोसळतं ते खाड्यानंतर घरी बसल्यानं.

म्हणून माझं म्हणणं, १०० दिवस नको, १०० चढ करा. आठवड्याला चार. चार दिवस कुठले ते तुमचं तुम्ही ठरवा, एक गेला तर दुसऱ्या दिवशी भरून काढा, नाही भरला तर नाही भरला, आकडा जिथे होता तिथून पुढे. शंभराला २५ आठवडे लागतील, १ डिसेंबरला सुरू केलं तर मे संपता संपता, म्हणजे मिरगाच्या आधी. चुकायचे आठवडे आत्ताच कॅलेंडरवर पेनानं खुणा करून ठेवा, संक्रांतीचा आहे, मार्च एंडचा आहे जेव्हा तुम्हाला घरी यायलाच नऊ वाजतात, चैत्रात गावोगावच्या जत्रा आहेत, त्या आठवड्यांना दोनच चढ धरा. आधीच लिहून ठेवलेला खाडा हा खाडा वाटतच नाही, गंमत असते ती. त्यानं शंभर थोडे लांबले आणि पावसात गेले तर जाऊ देत, पावसाचं पुढे सांगतेच. आणि उशीर होतोय असं कुणी म्हणालं तर सांगा, औरंगजेबानं पण डिसेंबरातच या किल्ल्याला वेढा घातला होता, १६९९च्या, आणि किल्ला हातात यायला पुढचा एप्रिल उजाडला. एवढी फौज घेऊन साडेचार महिने लागले त्याला, तुम्हाला एकटीला सहा लागले तर काय बिघडलं!

तिसरा घोळ ग्रुपचा, तो लहान आहे. आता टाकलंय तर टाकलंय, डिलीट करू नका, त्यानं उलट चर्चा होते. फक्त रोजचा फोटो टाकू नका. पन्नास अंगठ्यांची सवय लागली की ज्या दिवशी पाचच येतात त्या दिवशी चढ जड जातो. दर दहा चढांना एकदा टाका, झालं. रोजचं सांगायला एक माणूस ठेवा, मिस्टर आहेत की, टोमणा मारला असेल पण चार भिंतीचा सल्ला बरोबर दिलाय त्यांनी.

आता प्रत्यक्ष करायचं कसं. १ डिसेंबरच्या आधी एकदा डॉक्टरकडे जा. बीपी, शुगरची एचबीए१सी, थायरॉइडची टीएसएच आणि हिमोग्लोबिन एवढं बघून घ्या, चाळिशीनंतर आपल्या बायकांत थायरॉइड आणि रक्त कमी असणं इतकं कॉमन आहे की ते न बघता चढायला लावणं मला पटत नाही, थायरॉइड मंद असेल तर नुसत्या चढानं काटा हलायला जड जाईल आणि तुम्ही परत स्वतःला दोष देत बसाल. चढताना छातीत दाब आला, डावा हात किंवा जबडा दुखला, चक्कर आली तर तिथेच थांबायचं आणि ईसीजी काढायचा, ॲसिडिटी म्हणून घरी बसायचं नाही.

पहिले दोन आठवडे चार भिंतीपर्यंतच, आणि तो पण चढ म्हणून मोजायचा, पूर्ण. तिसऱ्या आठवड्यापासून गाडीरस्ता धरा, पण गडाचा दरवाजा डोळ्यापुढे ठेवू नका, घड्याळ ठेवा, अर्ध्या तासात जिथे पोचाल तिथून मागे वळायचं. दर आठवड्याला ते वळायचं ठिकाण आपोआप वर सरकतं, मी एक झाड खुणेचं केलं होतं आणि सातव्या आठवड्यात दरवाजातून आत गेले, मंगळाईच्या देवळापर्यंत. वेग किती, तर शेजारणीशी बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये एवढा. उजाडल्यावर जा, डिसेंबरात साडेपाचला अंधार असतो आणि अंधारात एकटीनं त्या वळणांवर कुत्र्यांशी झुंजायची काही गरज नाही. पाऊस सुरू झाला की तिथली पायवाट निसरडी होते, शंभरातले काही उरले असतील तर रस्त्यानंच जा किंवा घरात सूर्यनमस्कार घाला, औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळाशाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते, औंध आपल्याच जिल्ह्यातलं, आणि आपण मात्र यूट्यूबवर परदेशी बायांचं बघून करतो.

चढ नसेल त्यातले दोन दिवस ताकदीच्या व्यायामाचे. जिम नको, घरातल्या लाकडी खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, दहाच्या तीन फेऱ्या, भिंतीला हात लावून दंड, आणि पाच-पाच किलोच्या पिठाच्या दोन पिशव्या हातात धरून हॉलमध्ये चालायचं. हसू नका. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२०चं सांगणं पण हेच आहे, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम आणि वर दोन दिवस स्नायूंचा. तुमचे गेलेले स्नायू परत आणायचे असतील तर हे दोन दिवस चढाइतकेच महत्त्वाचे, खरं तर मला विचाराल तर जास्तच.

खाण्याचं थोडक्यात सांगते, कारण तुम्हाला सगळं माहीत असतं. भाकरी बंद करू नका. दोन भाकऱ्या असतील तर दीड, आणि ताटात उसळ वाढवा, पन्नास ग्रॅम कोरडी मटकी म्हणजे बारा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, एक अंडं सहा, वर वाटीभर दही. आपल्या ताटात भाताचा डोंगर आणि वाटीच्या तळाला आमटी असते, ते उलटं करा एवढंच. कॅशला बसून दिवसातून चार चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, ते दोन चहा करा. कंदी पेढा समोर आला तर एक खा आणि चव घेऊन खा, साताऱ्यात राहून पेढ्याला नाही म्हणायचं म्हणजे आठ दिवसांनी अर्धा किलोचा बॉक्स एकटीनं संपवायचा, हे मी अनुभवानं सांगतेय. जत्रेला मटण खा, रस्सा खा, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीतून बूट काढा.

आणि तुमच्या खोटीच्या प्रश्नाबद्दल अजून एक राहिलं. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालवली जाते, ज्यांनी निदान साडेतेरा किलो उतरवून किमान वर्षभर ते टिकवलंय अशांची, हजारो लोक आहेत त्यात. त्यातल्या बहुतेकांचे आधीचे प्रयत्न फसलेले होते. म्हणजे टिकवणारे लोक पहिल्याच फटक्यात टिकवतात असं नाहीये, ते तुमच्यासारखेच परत वाढवून आलेले. सरासरी रोज तासभर हालचाल करतात ते, मुख्यतः चालणं, आणि बरेचजण आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहतात. तुम्ही पण रविवारी सकाळी एकदाच उभ्या राहा, रोज नको. त्यापेक्षा टेलरबाईची टेप घ्या आणि महिन्यातून एकदा कंबर मोजा, आपल्याकडच्या बायकांना ८० सेंटिमीटरच्या आत असावी म्हणतात, तुमची आज शंभराच्या आसपास असेल तर घाबरू नका, स्नायू वाढत असतात तेव्हा काटा हलत नाही पण टेप हलते.

टेलरबाईकडे जाल तेव्हा आत्ताच्या मापाचे दोन चांगले ब्लाउज शिवून घ्या, चढ संपेपर्यंत घट्ट ब्लाउजात गुदमरत बसू नका. आणि मार्जिन दोन बोटं ठेवायला सांगा, पुढे आत घेतले तरी कापायचं नाही.

प्रश्न : मी एसटीतून रिटायर, वय ५९, करंजे. दहा किलो उतरवले होते ते लॉकडाऊननंतर परत आले, आता ९२ आहे. रोज डोंगराला जातो, चढताना काही नाही पण उतरताना गुडघे बोंबलतात. लोक म्हणतात गुडघ्याची वाटी झिजली, चालणं बंद करा.

उत्तर : काका, लोक म्हणतात म्हणून बंद करू नका, पण डॉक्टर काय म्हणतात ते विचारलंय का? गुडघ्याला सूज येत असेल, रात्री झोपेत ठणकत असेल किंवा पाय मध्येच अडकत असेल तर आधी दाखवून घ्या. तसं नसेल तर दोष उतरण्याच्या पद्धतीत असतो. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ब्रेक लावत असतात, ड्रायव्हर असाल तर तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळेल, घाटात ब्रेकवर पाय ठेवून गाडी उतरवली की लायनरचं काय होतं ते. तेव्हा लो गिअर टाका, लहान पावलं, गुडघा जरा वाकलेला, हातात काठी, आणि पायवाट सोडून गाडीरस्त्यानं नागमोडी उतरा. खुर्चीवरच्या उठा-बसा वर लिहिल्यात त्या तुम्हालाही लागू. आणि एक किलो कमी झाला की प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं कमी होतो असं मोजून निघालंय, म्हणजे पाच किलो उतरले तर वीस किलोचं पोतं खाली ठेवल्यासारखं. दहा परत आले म्हणून हळहळत बसू नका, पाचावर लक्ष ठेवा.

प्रश्न : मॅडम मी २६ वर्षांचा आहे, शाहूपुरी. पोलीस भरतीची तयारी करताना १६०० मीटर पाच मिनिटांच्या आत मारायचो, वजन ७० होतं. भरती थोडक्यात हुकली, ग्राउंड सुटलं, आता ७९. मित्रांशी पैज लागलीय की पुढची सातारा हिल हाफ मॅरेथॉन मारून दाखवणार, हरलो तर सगळ्यांना जेवण. रोज दहा किलोमीटर पळायला सुरुवात करू का उद्यापासून?

उत्तर : उद्यापासून दहा नको रे बाबा. तुझ्या फुप्फुसाला जुने दिवस आठवतील पण नडगीला आणि टाचेला नऊ किलो जास्त वाहायचेत, महिन्याभरात नडगी धरून बसशील. १६०० मीटर हा वेगळा खेळ आणि २१ किलोमीटर वेगळा, त्यात तो यवतेश्वरचा घाट चढून परत उतरायचा. स्पर्धा दरवर्षी सप्टेंबरच्या आसपास असते, म्हणजे तुझ्याकडे नऊ-दहा महिने आहेत, घाई कशाला. पहिला महिना दोन मिनिटं पळ, दोन मिनिटं चाल, असं अर्धा तास, आठवड्यातून तीनदा. मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढव, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी यवतेश्वर घाटात शनिवार-रविवार जायला लाग, आधी चालत. आपल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ला रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, फायनलला पोचली, ती पण टप्प्याटप्प्यानंच पोचली असणार, एका रात्रीत नाही. भरतीचं पण सोडू नकोस, वय आहे अजून, ग्राउंड परत सुरू झालं की दोन्ही कामं होतील.

आणि पैजेचं जेवण कुठे ठरलंय ते कळवून ठेव, हरलास तर मी पण येते.